लॅबची सीझनल खाज: स्टिरॉइड, अपोक्वेल की सायटोपॉइंट?

पंजेचाटूचा_बाबा

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा काही विचारतोय. आमचा गुंड्या, पिवळा लॅब (लॅब्रॉडॉर कुत्रा), वय वर्षं चार, वजन तीस किलोच्या आसपास. दरवर्षी गवताला तुरे यायला लागले की याची खाज चालू होते आणि सीझन संपला की आपोआप थांबते, बाकी वर्षभर साहेब एकदम ठणठणीत. सुरुवातीला नुसते पंजे चाटायचा, आता पंजे, काखा, पोटाखाली, कान सगळीकडे लाली येते. बोटांमधले पांढरट केस चाटून चाटून तांबूस झालेत. रात्री झोपेत पण चपचप चालूच, त्याचीही झोप नाही आणि आमचीही नाही.

आता प्रश्न असा की नेहमीच्या व्हेटनी प्रेडनिसोलोनचा छोटा कोर्स सांगितलाय. दुसऱ्या व्हेटना दाखवलं तर ते म्हणाले स्टिरॉइड कशाला, अपोक्वेल चालू करा नाहीतर सायटोपॉइंटचं इंजेक्शन देऊन टाका. शेजारचे काका म्हणतात आपली सर्दीची सेट्रिझिन द्या, त्यांच्या कुत्रीला लागू पडते. नेटवर वाचायला बसलो तर अपोक्वेलने कॅन्सर होतो इथपासून स्टिरॉइडने लिव्हर जातं इथपर्यंत सगळं वाचून झालं आणि डोक्याचा पार भुगा झाला.

औषधच नको असं माझं म्हणणं नाहीये, तो ज्या पद्धतीने स्वतःला ओरबाडतोय ते बघता काहीतरी द्यावंच लागणार. पण त्रास वर्षातले दोन-तीन महिनेच असेल तर त्यातल्या त्यात शहाणपणाचं काय? आणि दरवर्षी तेच देत राहिलं तर पुढे जाऊन महागात पडेल का? ज्यांनी यातलं काही वापरलंय त्यांनी प्लीज सांगा. "नारळाचं तेल लावा" वाले उपाय करून झालेत, तो ते तेल पण चाटून खातो.

गोचीडमार

तेल चाटतो हे वाचून हसलो, आमच्याकडेही तीच गत.

औषधाचं नंतर बघू, आधी सांगा पिसवांचं औषध नियमित चालू आहे का? "आमच्याकडे पिसवा नाहीतच" असं म्हणणाऱ्या बऱ्याच घरांत त्या असतात. आणि पिसवांच्या लाळेची अॅलर्जी असलेल्या कुत्र्याला एक-दोन चावे पण पुरतात, अंगावर फौज असायला लागत नाही. शिवाय तो इतका चाटतो आणि चावतो की पिसू सापडतच नाही, ती त्याच्या पोटात गेलेली असते. एक साधी टेस्ट घरी करा. बारीक दातांचा कंगवा शेपटीच्या मुळाशी केसात खोलवर फिरवा, जे काळे काळे कण निघतील ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवून जरा दाबा. कणाभोवती लालसर-तपकिरी डाग पसरला तर ती माती नाही, पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे पचलेलं रक्त.

जागा पण महत्त्वाची. पिसवांची खाज बहुतेक वेळा मागच्या अर्ध्या भागात, कंबर, शेपटीचं मूळ, मांड्यांची मागची बाजू. तुम्ही लिहिलंय पंजे, काखा, पोट, कान, म्हणजे नमुना हवेतल्या अॅलर्जीचा वाटतो खरा. पण दोन्ही एकत्र असू शकतं, आणि पिसवा चालू असताना कितीही भारी गोळी दिली तरी तुम्ही म्हणणार औषध लागू पडत नाही.

गोळीवाली पिसू-गोचीड औषधं (फ्लुरालेनर, अफोक्सोलेनर, सॅरोलेनर हा ग्रुप) चांगली चालतात, फक्त कुत्र्याला कधी फिट आली असेल तर व्हेटना आधी सांगा, कारण या ग्रुपने झटके येऊ शकतात. आणि घरात मांजर धरून जेवढे प्राणी आहेत तेवढ्या सगळ्यांचं करायचं. फक्त मांजराला मांजराचंच औषध, कुत्र्याचं नाही. पर्मेथ्रिनवाली कुत्र्याची औषधं मांजराच्या जिवावर बेततात.

शेपूट_वर

आमच्या म्हातारीचं सेट्रिझिनवर भागतं. व्हेटना विचारूनच देतो. सीझन लागायच्या आधीपासून चालू करतो, थोडी सुस्तावते एवढंच. स्टिरॉइड-बिरॉइडच्या भानगडीत पडलोच नाही कधी. काकांचं ऐकून बघायला काय हरकत आहे?

प्राण्यांची_डॉक्टर

मी छोट्या प्राण्यांची प्रॅक्टिस करते, खाजेच्या केसेस रोज असतात, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, चहा घेऊन बसा. गुंड्याला मी पाहिलेलं नाही तेव्हा हे उपचार म्हणून घेऊ नका, तुमच्या व्हेटशी बोलताना उपयोगी पडावं म्हणून आहे.

गोचीडमार यांनी लिहिलंय ते शंभर टक्के बरोबर, त्यात एक भर घालते. औषध निवडायच्या आधी त्वचेत इन्फेक्शन आहे का ते बघून घ्या. अॅलर्जीने त्वचेचं कुंपण ढिलं पडतं, मग तिथे मॅलेसेझिया नावाचं यीस्ट आणि स्टॅफिलोकोकस जातीचे बॅक्टेरिया मस्त वाढतात, आणि त्यांची स्वतःची वेगळी खाज असते. कानाची पाळी उलटून वास घ्या. आंबूस, जड वास, कातडी तेलकट किंवा जाडसर काळपट झालेली, बारीक पुळ्या, गोल खपल्या, यातलं काही असलं तर व्हेटना सांगा की टेप लावून बघा. पारदर्शक चिकटपट्टी बोटांच्या बेचक्यात दाबायची, रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली ठेवायची, मिनिटांचं काम आहे. यीस्ट दिसलं आणि त्याचा बंदोबस्त केला तर कित्येकदा अर्धी खाज तिथेच उतरते आणि मग पुढच्या औषधाचा खरा अंदाज येतो.

आता सेट्रिझिन. शेपूट_वर यांच्या कुत्रीला लागू पडते, चांगलंच आहे, पण कुत्र्यांच्या बाबतीत अँटिहिस्टामिनचा भरवसा कमी. माणसाला परागकणांनी शिंका येतात, त्यात हिस्टामिनचा वाटा मोठा. कुत्र्याची खाज मुख्यतः दुसऱ्या रसायनांनी पेटते, हिस्टामिन त्यात दुय्यम. त्यामुळे सौम्य त्रास असेल आणि खाज चालू व्हायच्या आधीपासून दिली तर काहींना फरक पडतो, पण गुंड्यासारखी लाल झालेली कातडी सेट्रिझिनने शांत होईल असं मला वाटत नाही. आणि काकांना सांगा, घरातली कुठलीही सर्दीची गोळी नाही. ज्यात सेट्रिझिनसोबत स्यूडोएफेड्रिन असतं, नावापुढे "डी" वगैरे लावलेलं, ते कुत्र्याला विषारी आहे, हृदयाचे ठोके पळायला लागतात, झटके येतात. सिरपमध्ये गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल असू शकतं, ते तर आणखी वाईट, रक्तातली साखर धाडकन खाली जाते.

प्रेडनिसोलोन. याला लोक उगाच राक्षस करतात. काही तासांत काम सुरू करतं आणि खाज, लाली, सूज तिन्ही उतरवतं. कान इतका सुजलाय की ड्रॉपसुद्धा आत जात नाही, अशा वेळी माझा पहिला हात स्टिरॉइडकडेच जातो. पण त्या दिवसांत तो बादलीभर पाणी पिणार, रात्री-अपरात्री बाहेर न्यायला लागणार, सारखं खायला मागणार, धापा टाकणार, हे घरच्यांना आधी सांगायलाच हवं. आठवडाभराचा कोर्स म्हणजे संकट नाही. संकट येतं ते महिनोन्महिने चालू ठेवल्यावर, मग स्नायू झिजतात, पोट सुटतं, कातडी पातळ होते, इन्फेक्शनं वाढतात, डायबेटिस होऊ शकतो. आणि जास्त दिवस दिलेलं असेल तर एका झटक्यात बंद करायचं नाही, कारण शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे नैसर्गिक स्टिरॉइड, बनवणं कमी केलेलं असतं, हळूहळूच उतरवायचं.

अपोक्वेल म्हणजे ओक्लासिटिनिब, अमेरिकेत २०१३ साली आलं. हे स्टिरॉइड नाही. पेशीच्या आत खाजेचा आणि सुजेचा निरोप पुढे नेणारं जॅनस कायनेज नावाचं एन्झाइम असतं, ते हे अडवतं. चारेक तासांत खाज कमी व्हायला लागते. डोस किलोमागे ०.४ ते ०.६ मिलिग्रॅम, सुरुवातीला दिवसातून दोनदा, तेही जास्तीत जास्त १४ दिवस, मग दिवसातून एकदा. बऱ्याच जणांना नेमकं इथे वाटतं की औषध फेल गेलं, कारण दोनदावरून एकदावर आलं की काही कुत्र्यांची खाज पुन्हा डोकं वर काढते. थोडे दिवस थांबलं की बहुतेक वेळा बसते खाली. मनाने पुन्हा दोनदा चालू करायचं नाही. एक वर्षाखालच्या पिल्लाला देत नाहीत, गंभीर इन्फेक्शन चालू असेल तर देत नाहीत.

कॅन्सरबद्दल सगळेच विचारतात. लेबलवर लिहिलंय की आधीपासून गाठ असेल तर ती वाढू शकते, म्हणून ज्याला कॅन्सर आहे किंवा होऊन गेलाय त्याला मी हे देत नाही. पण ओक्लासिटिनिब घेणारे आणि दुसरी औषधं घेणारे अॅलर्जीवाले कुत्रे यांची तुलना केली तेव्हा दोन्हींत कॅन्सरचं प्रमाण वेगळं निघालं नव्हतं. चार वर्षांच्या धडधाकट लॅबला सीझनपुरतं द्यायला मी कचरणार नाही. मात्र लांबणार असेल तर अधूनमधून रक्त तपासायचं आणि अंगावर नवीन गाठ लागली तर लगेच दाखवायचं.

सायटोपॉइंट, लोकिव्हेटमॅब, ही गोळीही नाही आणि स्टिरॉइडही नाही, अँटिबॉडी आहे, कातडीखाली टोचतात. खाजेचा निरोप नसांपर्यंत नेणारं इंटरल्युकिन-३१ नावाचं प्रथिन असतं, त्याला ही पकडून ठेवते, म्हणजे पोस्टमनलाच रस्त्यात अडवलं. एका टोचणीवर चार ते आठ आठवडे निघतात. लिव्हर-किडनीवर भार नाही, दुसऱ्या औषधांबरोबर चालते, वयाची अट नाही. कमी कुठे पडते, तर जिथे नुसती खाज नसून सूज आणि लाली जोरात आहे तिथे. कानाची सूज हिने उतरत नाही. आणि काही कुत्र्यांना ती लागूच पडत नाही, आधी कळायला मार्ग नाही, टोचून बघायचं.

सायक्लोस्पोरिनचं नाव कोणीतरी काढेल म्हणून सांगते, औषध चांगलं आहे पण पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर तुमचा अर्धा सीझन संपला. वर्षभर खाजणाऱ्या कुत्र्यासाठी ते, गुंड्यासाठी नाही. जॅनस कायनेजवाल्या ग्रुपमध्ये नवीन गोळ्याही आल्यात, इलुनोसिटिनिब अमेरिकेत २०२४ ला मंजूर झाली, दिवसातून एकदाच द्यायची, पण लसीकरणाबद्दल तिच्या लेबलवर कडक सूचना आहेत, लस जवळ आली असेल तर व्हेटना जरूर आठवण करा.

स्टिरॉइड_नको_रे_बाबा

डॉक्टर, तुमचा मान राखून सांगतो, स्टिरॉइडची इतकी तरफदारी नका करू. आमच्या स्पिट्झला एका क्लिनिकमध्ये दर वेळी गेलं की एक इंजेक्शन टोचायचे, लगेच बरं वाटायचं, पुन्हा थोड्या आठवड्यांनी खाज, पुन्हा इंजेक्शन. कशाचं आहे विचारलं की "अॅलर्जीचं". शेवटी पोट सुटलं, पाठीचे केस विरळ झाले, जिना चढेना. दुसऱ्या डॉक्टरनी कागद बघून सांगितलं की लांब टिकणारं स्टिरॉइड होतं. तेव्हापासून माझं एकच मत, नाही म्हणजे नाही.

प्राण्यांची_डॉक्टर

तुमचा राग रास्तच आहे, पण तो वापराच्या पद्धतीवर असायला हवा. लांब टिकणारं इंजेक्शन एकदा आत गेलं की परत काढता येत नाही, डोस कमी-जास्त करता येत नाही, आणि तेच पुन्हा पुन्हा टोचलं तर तुम्ही सांगताय तसंच होतं. प्रेडनिसोलोनची गोळी आज द्यायची, उद्या कमी करायची, परवा थांबवायची, लगाम आपल्या हातात असतो. म्हणून इथे वाचणाऱ्या सगळ्यांना सांगते, इंजेक्शन टोचलं की बाटलीवरचं नाव फाइलवर लिहून मागा. "अॅलर्जीचं इंजेक्शन" म्हणजे सायटोपॉइंटही असू शकतं, लांबचं स्टिरॉइडही असू शकतं आणि साधं अँटिहिस्टामिनही, तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

स्टिरॉइड_नको_रे_बाबा

फाइलवर नाव, हे पटलं. आम्हाला कोणी फाइलच दिली नव्हती.

झोपाळू_पग

मध्येच घुसतोय. रक्ताची अॅलर्जी टेस्ट करून घेतली तर सरळ कळणार नाही का कशाची अॅलर्जी आहे ते? एवढी औषधं ट्राय करत बसण्यापेक्षा? आणि खाण्याची अॅलर्जी असली तर?

बीगलवाली

झोपाळू, रक्ताच्या टेस्टने "अॅलर्जी आहे की नाही" ठरत नाही. एकही लक्षण नसलेल्या कुत्र्यांची टेस्टसुद्धा पॉझिटिव्ह येते. निदान लक्षणांवरून आणि बाकीची कारणं एकेक बाद करत करायचं असतं, टेस्ट लागते ती पुढे इम्युनोथेरपी (ज्याची अॅलर्जी त्याचीच थोडी थोडी लस) करायची ठरली तर लसीत काय काय घालायचं हे ठरवायला. आणि खाण्याच्या अॅलर्जीसाठी रक्त, लाळ, केस असल्या टेस्ट विकतात त्यांच्यावर तर अजिबात विसंबू नका. त्याला एकच मार्ग, त्याने पूर्वी कधी न खाल्लेलं प्रोटीन किंवा हायड्रोलाइज्ड फूड (ज्यातलं प्रोटीन बारीक तुकड्यांत फोडलेलं असतं) किमान आठ आठवडे, त्यात वरचा एक घासही नाही, आणि बरं वाटल्यावर जुनं खाणं परत देऊन खाज उलटते का ते बघायचं. ही शेवटची पायरी लोक गाळतात. पण गुंड्याची खाज सीझनला येते आणि जाते, तो वर्षभर तेच खात असणार, तेव्हा खाण्यावर संशय कमी.

इम्युनोथेरपीबद्दल माझा अनुभव सांगते कारण आमची बीगल त्यावरच आहे. तिचं पण असंच सुरू झालं होतं, एका सीझनपुरतं. मग सीझन लांबत गेला, मग दोन सीझन झाले, मग धुळीतल्या किड्यांचंही निघालं आणि वर्षातले जेमतेम थोडे दिवस बरे जायला लागले. तेव्हा स्किन स्पेशालिस्टकडे त्वचेवर टेस्ट केली, एका कुशीवरचे केस काढून तिथे थेंब थेंब टोचले आणि कुठे गांधी उठते ते मोजलं. त्यावरून तिच्यासाठी लस बनवली, ती थोडी थोडी वाढवत द्यायची. हा एकच उपचार असा की जो नुसता खाज दाबत नाही, शरीराची त्या परागकणाबद्दलची वृत्तीच बदलतो. पण धीर लागतो बाई. सहा महिने ते वर्ष जातं कळायला की लागू पडतंय की नाही, आणि साधारण निम्म्या ते दोन तृतीयांश कुत्र्यांनाच चांगला फरक पडतो. तोवर अपोक्वेलवर होती, आता तिचा डोस बराच खाली आलाय आणि काही महिने तर लागतही नाही.

एक लक्षात ठेवा, त्वचेवरच्या टेस्टच्या आधी स्टिरॉइड आणि अँटिहिस्टामिन काही दिवस ते काही आठवडे बंद ठेवायला लागतात नाहीतर टेस्ट खोटी येते. अपोक्वेल आणि सायटोपॉइंटने तेवढी गडबड होत नाही. त्यामुळे पुढे कधी टेस्ट करायचा विचार असेल तर आत्ताच व्हेटच्या कानावर घालून ठेवा.

पंजेचाटूचा_बाबा

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी समोर बसून पण सांगितलं नव्हतं.

अपडेट देतो. कंगवा फिरवला, काळे कण निघाले पण टिश्यूवर डाग नाही पडला, ती खरंच माती निघाली (बागेत लोळतो ना). पिसवांची गोळी चालू होतीच, ती आता वर्षभर बिनखंडाची करणार. मग व्हेटकडे जाऊन सरळ म्हटलं टेप लावून बघता का, ते जरा चमकले पण लगेच केलं. पुढच्या दोन्ही पंजांच्या बेचक्यात यीस्ट भरलेलं. मला पण बघायला दिलं, निळे-जांभळे शेंगदाण्याच्या आकाराचे ठिपकेच ठिपके. कान सुजलेत पण आतून साफ निघाले.

त्यांनी आता क्लोरहेक्सिडिन आणि मायकोनॅझोलवाला शाम्पू दिलाय आठवड्यातून दोनदा, आणि म्हणाले प्रेड थोडे दिवस घेऊन लाली खाली आणू, मग सीझन संपेपर्यंत सायटोपॉइंट. अपोक्वेल का नको विचारलं तर म्हणाले चालेल की, पण तुमच्या घरी दोघंही दिवसभर बाहेर, गोळी चुकायची. हे मात्र खरं. तरी विचारतो, हे कॉम्बिनेशन ठीक वाटतं का? आणि शाम्पू लावून लगेच धुतला तर चालतो का, कारण हा बाथरूममध्ये दोन मिनिटं पण उभा राहत नाही.

प्राण्यांची_डॉक्टर

उत्तम प्लॅन आहे, मला काही खोट काढायची नाही. कान आणि कातडी सुजलेली असताना आधी स्टिरॉइडने आग विझवायची आणि मग नुसती खाज सायटोपॉइंटने धरून ठेवायची, हे मी पण असंच केलं असतं. गोळी चुकण्याचा मुद्दा तर फार व्यवहारी, कागदावरचं सगळ्यात भारी औषध रोज तोंडात गेलं नाही तर काय उपयोग. एकच, टोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस जरा लक्ष ठेवा, क्वचित उलटी, सुस्ती होते. आणि चौथ्या आठवड्यानंतर खाज कधी परत डोकं वर काढते ते लिहून ठेवा, म्हणजे गुंड्याला एक टोचणी नेमकी किती टिकते ते समजेल. काहींना पाच आठवडे, काहींना आठ.

शाम्पू लगेच धुतला तर पैसे पाण्यात. दहा मिनिटं अंगावर राहायलाच हवा. पूर्ण अंग नको, फक्त पंजे आणि पोट केलं तरी चालेल. उथळ टबात शाम्पूचं पाणी करून त्यात चारही पाय उभे करा, घड्याळ लावा, एकाने समोर बसून त्याला आवडतं काहीतरी चाटायला द्या. पाणी कोमट किंवा गार, गरम पाण्याने खाज वाढते. मग बोटांच्या मधून नीट पुसून कोरडं करायचं, ओलावा राहिला की यीस्टचीच सोय. बाकीच्या दिवशी फिरून आलं की ओल्या कपड्याने पंजे आणि पोट पुसा, तेवढे परागकण तरी घरात आणि कातडीत जाणार नाहीत.

शेपूट_वर

मग पुढच्या वर्षी परत हे सगळं असंच पहिल्यापासून? की आधीच काही करता येतं? आणि ते माशाचं तेल, ओमेगा-३, त्याने काही होतं का खरंच?

प्राण्यांची_डॉक्टर

ओमेगा-३ एकट्याने खाज थांबवत नाही, पण त्वचेचं कुंपण जरा सुधारतं आणि बाकीच्या औषधांचा डोस कमी ठेवता येतो. परिणाम यायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून खाज सुटल्यावर चालू करून उपयोग नाही, सीझनच्या बरंच आधी. जास्त दिलं तर जुलाब आणि वजन, लॅबच्या बाबतीत वजन म्हणजे वेगळाच विषय.

पुढच्या वर्षीसाठी यंदा पहिली खाज कोणत्या तारखेला दिसली ते कॅलेंडरवर टाका. रोज रात्री शून्य ते दहामध्ये एक आकडा लिहा, शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे खाणं-झोपणं सोडून खाजवतोय. घरातल्या एकाच माणसाने लिहायचा, नाहीतर एकाचा चार दुसऱ्याचा सात असतो. पुढच्या वर्षी त्या तारखेच्या जरा आधीच सायटोपॉइंट टोचून घ्यायचं, कातडी सोलून निघेपर्यंत थांबायचं नाही. आणि दरवर्षी त्या तारखा अलीकडे सरकत चालल्या, सीझन चार-पाच महिन्यांवर गेला, तर बीगलवालींनी सांगितलेल्या रस्त्याचा विचार करायचा. तरुण वयात सुरू झालेली अॅलर्जी बऱ्याचदा अशीच वाढत जाते.

गोचीडमार

आणि प्रेड चालू आहे तोवर पाण्याचं भांडं डबल भरून ठेवा, रात्रीची शेवटची चक्कर उशिरा न्या. अनुभवाचे बोल.

झोपाळू_पग

एक शेवटचं, आमच्या पगला गुडघ्यासाठी मेलोक्सिकॅम चालू आहे आणि खाज पण आहे, त्याला पण हा प्रेडवाला छोटा कोर्स देता येईल ना?

प्राण्यांची_डॉक्टर

नाही! दोन्ही एकत्र अजिबात नाही. मेलोक्सिकॅम, कार्प्रोफेन असली दुखण्याची औषधं आणि स्टिरॉइड एकत्र गेली तर पोटात अल्सर होतो, रक्तस्राव होतो, आतडं फाटण्यापर्यंत जाऊ शकतं. एक बंद करून दुसरं चालू करायचं तरी मध्ये काही दिवस रिकामे सोडतात, किती ते तुमचे व्हेट ठरवतील. पगसाठी सायटोपॉइंटचं विचारून बघा, ते मेलोक्सिकॅमबरोबर चालतं. आणि खाजेसाठी दुसऱ्या व्हेटकडे गेलात तर गुडघ्याच्या गोळीचं पाकीट सोबत न्या.